बैलगाडीपुरती वाट

बाबा,

मागच्या पत्रात मी तुम्हाला चुकीचं लिहिलं होतं. घर आपल्या नावावर झालं असं लिहिलं. तसं झालेलं नव्हतं. महापालिकेकडून आलं होतं ते गुंठेवारीतलं बांधकाम नियमित केल्याचं प्रमाणपत्र. आईनं गल्लीत पेढे वाटले आणि त्या आनंदात मीही तेच लिहून टाकलं. बांधकाम नियमित झालं म्हणजे मालकी आली असं होत नाही. मालकी येते नोंदणी केलेल्या खरेदीखतानं, आणि तुम्ही तर प्लॉट नुसत्या बॉण्डवर, म्हणजे नोंदणी न करता स्टॅम्पपेपरवर लिहून घेतला होता, मुकुंदवाडीच्या पलीकडं तेव्हा सगळेच घेत होते तसा. ज्या शेतकऱ्याकडून घेतला, सातबाऱ्यावर अजून त्याच्या मुलाचंच नाव आहे. ही चूक माझ्याकडून व्हायला नको होती. एका वकिलांच्या हाताखाली लोकांच्या घराजमिनीचे कागद तपासायचे, हेच तर आता माझं काम आहे.

तुमचा भरवसा मात्र कराच्या पावतीवर होता. मी तिसरीत असेन. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून तुम्ही कंपनीतून सुट्टी काढून मला वॉर्ड कार्यालयात घेऊन गेलात. दोन खोल्यांवर पत्रे नुकतेच चढले होते. टेबलामागचा बाबू मान वर न करता विचारतो, "काय काम?" तुम्ही म्हणता, "साहेब, घराला कर लावा." आता तो वर बघतो. "लोक कर कमी करा म्हणून भांडायला येतात. तुम्हाला काय झालं?" शेजारच्या टेबलावरून हसत आवाज येतो, "अरे, लगा दो भाई. ऐसा ग्राहक रोज कहाँ आता." बाबू घराचा नकाशा मागतो. तुम्ही म्हणता, "नकाशा नाय साहेब, घर हाय. येऊन बघा." पुढं कितीतरी खेपा घातल्यावर बिल आलं. त्यावरचं तुमचं नाव तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावलंत आणि आईला चुलीपासून उठवून परत एकदा वाचायला लावलंत. "ज्याचा कर त्याचं घर," म्हणालात. कायद्यात तसं नाही, बाबा. आजही कुणी ना कुणी पावत्यांचं पुडकं घेऊन आमच्या टेबलाशी येतं आणि मला सांगावं लागतं की कर राहणाऱ्याकडूनही घेतात, तेवढ्यानं तो मालक ठरत नाही. हे सांगताना दर वेळी माझा आवाज खाली येतो.

पण आज लिहायचं आहे ते वाटेबद्दल. आपल्या मागं त्या शेतकऱ्याचं थोडं शेत उरलं होतं. ज्यानं त्यानं बॉण्डात होतं तेवढं शेवटच्या बोटापर्यंत बांधून काढलं आणि त्याचा जुना रस्ता बंद झाला. तुम्ही एकट्यानं दक्षिणेची भिंत एक बैलगाडी जाईल एवढी आत घेतलीत. आई कितीतरी दिवस कुरकुरत होती, "पैसे मोजले वाटेचे, आन् आपण निजायचं भिंतीला चिकटून." तुम्ही म्हणायचात, "मग त्याची बैलं काय उडत जातील?" एकदा मी त्या वाटेवर विटा मांडून भातुकलीचं घर केलं होतं. तुम्ही कामावरून आलात, डबासुद्धा खाली ठेवला नाहीत. "उचल. वाट अडवायची नसती." मी रडत रडत एकेक वीट उचलली होती. तुम्ही मला रागावलात असं तेवढंच मला आठवतं.

तो शेतकरी गेला. त्याच्या एकुलत्या एका मुलानं उरलेलं शेत विकून बिडकीनकडं जमीन घेतली. गेल्या आठवड्यात मी आणि आई त्याच्याकडं गेलो. सही करायला तो नाही म्हणाला असता तर नुसत्या बॉण्डवर कोर्टात वर्षं गेली असती, आणि आपल्याकडच्या जागेला आता काय भाव आहे हे त्यालाही माहीत आहे. तो ओट्यावर शेंगा फोडत बसला होता. मी पाठ करून नेलेलं सगळं म्हणून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि आईला विचारलं, "वहिनी, ही काय म्हणती?"

"सही करा म्हणती."

"मग यवढं लांबण कशाला लावलं?" तो हसला, शेंगांचं सूप आमच्याकडं सरकवलं. मग माझ्याकडं बघत म्हणाला, "तुमच्या घराकडंची ती वाट हाय का अजून? का बांधलं तिथं?"

"हाय," मी म्हणाले. "आता टँकर येतो तिथून. शाळेच्या रिक्षा येतात."

त्यानं हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली. "माझ्या बापाची गाडी समद्यांनी अडवली. तुझ्या बापानं नाय अडवली. सांग, कधी यायचं?"

तेव्हा माझ्या पर्समध्ये खरेदीखताचा जो मसुदा होता त्यात तुमची वाटसुद्धा धरलेली होती. आमचे वकील म्हणाले होते, बॉण्डात आहे तेवढं सगळं घे, उद्या तिथं दुकान निघेल. सल्ला म्हणून ते बरोबरच होतं. परतीच्या बसमध्ये मी आईला विचारलं, कारण वारस तीही आहे. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यांनी सोडली ती मी कशी धरू?" दुसऱ्या दिवशी मी मसुद्यातून वाट काढून टाकली. चतुःसीमेत, म्हणजे प्लॉटच्या चारी बाजूंना काय काय आहे ते लिहितात तिथं, दक्षिणेला 'रस्ता' असं लिहिलं. वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि पान उलटलं. मापं मी किती वेळा तपासली ते विचारू नका, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पण तो एक शब्द मी एकदाच लिहिला आणि त्यावर परत हात फिरवला नाही. गल्लीत म्हणतात, पोरगी शिकली म्हणून घर नावावर होतंय. मी त्यांना बिडकीनची गोष्ट सांगते. ती सांगताना माझा आवाज खाली येत नाही.

हे पत्र पावत्यांच्या पिशवीत राहील, मागचं आहे तिथंच. तुमच्या पावत्या सगळ्या आहेत, तुमच्यानंतरच्याही. निबंधक कार्यालयात त्या कुणी मागणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी पिशवी बरोबर नेणार आहे. बुद्धपौर्णिमेला कार्यालय बंद. सह्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी.