मागचं झाकण कोणी काढलं?

प्रिय किसनकाका,

जय भीम. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणारा मी नव्हे. पण काल राळेगावच्या विहारात, तुमच्याच पुण्यानुमोदनाला जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझा हात कामावर बसणार नाही.

तुमची लेक सुजाता मुकुटबनहून आली होती, तुमच्यावर चार पानं लिहून. आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभी! दोन ओळी झाल्या नाहीत तोच स्पीकरमधून शिट्टी. पुन्हा वाचते, पुन्हा शिट्टी. आवाज तरी कसा? रिकाम्या टिनाच्या डब्यातून आल्यासारखा. शेवटी सेक्रेटरींनी माइकच बंद केला. "बस कर बाई, जेवणं थंडे होऊन राह्यले."

मी उठून स्पीकरमागे गेलो. आपण दोघांनी बनवलेली पेटी, काका! अठरा मिलीचा प्लाय, आत आपल्याच शिवारातला कापूस, कडेला फोमची पट्टी. आणि मागचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं!

"हे कोनं खोललं?"

"मीच," सेक्रेटरी म्हणाले. "हवा लागू द्या, नाहीतर मशीन जयते, असं काकाच सांगून गेलते."

सांगितलंत ना? अॅम्प्लिफायर तापून जळू नये म्हणून सांगितलं असणार, मला माहीत आहे. पण यांना सगळ्या पेट्या सारख्याच! स्पीकरच्या पडद्यामागचा आवाज पेटीत कोंडायचा असतो. तो मोकळा सुटला की पुढच्या आवाजाला खातो, आणि मागे ठेवलेल्या माइकात शिरून शिट्टी मारतो. हे मी कुठल्या कॉलेजात नाही, पेट्या खोलून-खोलून शिकलो. तुम्हाला तर धड ऐकूही येत नव्हतं. फळीवर तळहात ठेवून "इथं थरथरते" म्हणायचात, आणि तिथंच थरथरायची! मग 'झाकण काढू नये' असं पेटीवर लिहितो म्हटलं, तेव्हा "समजते लोकायले" काहून म्हणालात? कुठं समजतं?

सोळाही स्क्रू मी तिथंच कसले. पंगतीतून कोणी ओरडलं, "मनोहर, जेव ना बाबू! दुःखाच्या कार्यक्रमात कायले तमाशा करतं?" झाकण बसेतो सुजातानं कागद घडी करून पर्समध्ये टाकले होते. "राहू द्या भाऊ. बाबाले तसंही कुठं ऐकू येत होतं?" असं हसून म्हणाली! मला रागच आला. तुम्हाला नसेल येत. आम्हाला येतं ना?

तिला थांबवून घेतलंय, काका. रविवारी विहारात बुद्धवंदना झाली की ती चारही पानं वाचेल. मी शेवटच्या रांगेत बसेन. एक शब्द जरी ऐकू आला नाही, तर तिला थांबवीन आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावीन. जेवणं थंडी होऊ देत.

तुमचा,
मनोहर रेडिओवाला