तुझ्या पाटल्या घालून

माई, तुझ्या पाटल्या मी काढून ठेवल्यात. कपाटात, तुझ्या सुती लुगड्यांच्या खाली. नऊ वर्षं घातल्या, आता पुरे. का काढल्या ते तुलाच सांगायला हवं, दुसऱ्या कुणी वाचलं तर म्हणेल, या बाईला वेड लागलंय.

आधी आपलं जुनं भांडण. धाकट्याला दोन वर्षांचा असताना ताप आला, त्यात त्याचे डोळे गेले आणि कानही, आणि त्या दिवसापासून तू माझी राहिलीच नाहीस. मी सात वर्षांची. देवासच्या या स्वयंपाकघरात तू पोळ्या लाटते आहेस, तो तुझ्या मांडीला टेकून बसलाय, आणि दर दोन पोळ्यांनी तुझा पिठाचा हात त्याच्या तळहातावर काहीतरी गिरवतो, थोपटतो. तो खदखदून हसतो. मी विचारते, "माई, काय सांगितलंस त्याला?" तू म्हणतेस, "काही नाही गं, आमचं आपलं." आमचं आपलं! एकदा मीही त्याचा हात ओढून त्यावर बोटं फिरवली, तर केवढी खेकसलीस. "त्याला गोंधळवू नकोस. तुला काय कमी आहे? डोळे आहेत, कान आहेत, सगळं जग आहे तुला." मला जग नको होतं गं, तुझा पिठाचा हात हवा होता. ते तेव्हा बोलता आलं नाही. मग फुरंगटून अभ्यास केला, धारला शाळेत नोकरी मिळवली आणि महिन्यातून एकदा पाहुणीसारखी येत राहिले.

तू गेलीस तेव्हा त्याला कसं सांगायचं हेच कुणाला येत नव्हतं. तुमची ती भाषा तू बरोबर घेऊन गेलीस. तो उंबऱ्याशी बसून राहायचा, ताट ठेवलं की ढकलायचा. तेराव्याला काकूनं तुझ्या पाटल्या माझ्या हातात चढवल्या, मोठ्या मुलीचा मान म्हणून. तू त्याच्याजवळ गेलीस की आधी पाटल्या त्याच्या मनगटावर घासायचीस, 'मी आले' म्हणून. मी तेवढंच केलं. त्यानं जेवावं म्हणून, एकदाच. त्यानं माझा हात धरला, पाटल्या चाचपल्या आणि असा हसला की मला रडू फुटलं. दोन पोळ्या खाल्ल्या. मग मी बदली मागून इथे आले. तुझीच लुगडी नेसले, तुझ्याच शिकेकाईनं न्हाले, बोटं तर आपली सारखीच आखूड. मी तू झाले आणि जळत राहिले. ताट वाढते मी, दाढी करते मी, आणि हसतो तो तुला. मेल्यावरसुद्धा तूच पहिली!

दोन वर्षांपूर्वी एक शिक्षिका घरी येऊ लागली. पंचविशीची असेल, स्कूटीवरून येते, डोळे-कान दोन्ही नसलेल्यांना शिकवायचं रीतसर शिकलीय. तिनं त्याला हातात हात घेऊन खुणांनी बोलायला शिकवलं, काठीनं चालायला, खुर्च्यांच्या पट्ट्या विणायला. ज्याला तू ओटा उतरू दिला नाहीस तो आता रोज कारखान्यात जातो आणि कोपऱ्यावर उभा राहून पोहे खातो. पोहेवाला मला लांबून ओरडून सांगतो, "दीदी, आज भिया ने सेव ज्यादा मांगी!" मला कौतुक वाटायला हवं होतं. माझा जळफळाट झाला. ती आली की हा तिच्या मनगटावरचं घड्याळ चाचपतो आणि खुलतो. घड्याळ म्हणजे ती, हे तिचं नाव. तिला आठवड्यात नाव मिळालं, आणि मी इतकी वर्षं काय केलं?

मग एक दिवस तिनं विचारलं, "दीदी, ये रोज बताते हैं, माँ ने खाना दिया, माँ ने कपड़े दिए. माँ तो..." आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, किती केलंत! ती म्हणाली, "ये गलत हुआ, दीदी. उनको भी रोने का हक है." कालची पोर मला हक शिकवते! आठ दिवस मी तिला चहा विचारला नाही. खरं तर मी घाबरले होते. पाटल्या काढल्या की त्याच्या लेखी मी कोण, हे मला ठाऊक नव्हतं.

गेल्या रविवारी शिक्षिकेला शेजारी बसवून त्याला सांगितलं. पाटल्या त्याच्या हातात दिल्या, मग माझं रिकामं मनगट दिलं, मग त्याचा हात धरून तुझी खूण आणि मेल्याची खूण केली. कारखान्यातली मांजर मेली तेव्हा तो ती शिकला होता. त्यानं तीनदा करून पाहिली. मग रडला, माई. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नाही ना, इतक्या मोठ्यानं की शेजारी धावत आले. बऱ्याच वेळानं त्यानं तिचा हात ओढला आणि तिच्या कानाची पाळी चिमटीत धरली. पुन्हा पुन्हा. तिला काही कळेना. मी मात्र हबकले. तू चुलीकडे वळलीस की मी जळून त्याच्या कानाला अस्साच चिमटा काढायची. ते माझं नाव होतं! गेली नऊ वर्षं तो मध्येच माझी पाळी धरायचा आणि मी कुडी ओढली जाते म्हणून हात झटकायची. तो तुला विचारत होता, अक्का कधी येणार? आता त्यानं पाळी सोडून मेल्याची खूण केली आणि तळहात तिच्यापुढे उघडा धरला. अक्कापण मेली का?

नंतर तिनं त्याला सगळं समजावलं. तास गेला. तो चिडलाय, माझ्या हातचा चहा घेत नाही. घेईल. तो विचारेल ते सगळं मी त्याच्या हातावर सांगणार आहे, एवढं एक सोडून, आणि म्हणून हा कागद आज चुलीत जाईल. त्या उघड्या तळहातावर कुणी काही सांगेना, तेव्हा तो पुन्हा रडायला लागला. मी शेजारीच होते, त्याचा हात माझ्या कानाशी नेला असता की झालं. मी लगेच नेला नाही. थोडा वेळ रडू दिलं त्याला. माझ्यासाठी रडत होता गं.