कॅप्टन लुत्फींच्या तालमीत पुरुषांना मज्जाव

सफागा, २ एप्रिल

ती. इन्शिराह अब्ला हिला धाकट्या भावाचा, वजदीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. माझा फोन परवा बोटीवरून समुद्रात गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही, म्हणून हे पत्र लिहिता येतंय. बुरई मायक्रोबसवाला आठवड्यातून दोनदा सुएझमार्गे इस्माइलियाला येतो, तोच आता आपला टपालवाला. त्याला चहा पाज. साखर कमी म्हणेल, पण कमी म्हणजे त्याच्या भाषेत चार चमचे.

तर या बुरईनेच सांगितलं की बाबांच्या तालमीवर तू गुलाबी पाटी लावलीयस: फक्त महिलांसाठी, पुरुषांना प्रवेश नाही. अब्ला, ज्या तालमीत मी पहिलं पाऊल टाकलं आणि वीस किलोच्या प्लेटवर आपटून पहिला दात पाडला, तिथे मी आता परका? बाबांकडे, म्हणजे गावाच्या उस्ताद कॅप्टन लुत्फींकडे, घाम गाळून किती गडी वर आले! त्यांनी आता कुठे जायचं, कालव्यात? मी इथे चहाच्या टपरीवर हा प्रश्न मांडला, तर सगळे एकमुखाने म्हणाले की हा भेदभाव आहे. एक म्हातारा नाही म्हणाला, पण त्याला ऐकू येत नाही. तू उलट करून बघ. कुणी गड्याने बायकांना मज्जाव अशी पाटी लावली असती, तर तू चप्पल हातात घेऊनच गेली असतीस की नाही?

मी मजेत आहे. दुपारी बोटीवर, सकाळी एका हॉटेलच्या जिममध्ये टॉवेल वाटतो. काल एका टॉवेलाखाली विंचू निघाला, त्यावरून स्वयंपाक्याने मला त्याच्या चुलत्याची अशी गोष्ट सांगितली की... असो, ती पुन्हा कधी. बाबांचा खुबा कसा आहे?

लोभ आहे तेवढा ठेव. वर थोडा घातलास तर नको म्हणणार नाही.

तुझा,
वजदी


इस्माइलिया, ८ एप्रिल

चि. वजदी यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन समुद्रात गेला याचं नवल वाटलं नाही. तू अजून गेला नाहीस, याबद्दल देवाचे आभार. बुरईला चार चमचे घातले, त्याने पाचवा मागून घेतला.

आता तुझा भेदभाव. बाबांच्या काळात त्या दारावर चाळीस वर्षं कसलीही पाटी नव्हती, आणि चाळीस वर्षांत एकही बाई आत आली नाही. मी त्यांची सख्खी मुलगी, पण वजन कसं उचलतात ते मला दाराच्या फटीतून बघून शिकावं लागलं. तेव्हा तुझ्या टपरीवरच्या मंडळींना काही टोचलं होतं का, ते विचार. पाटी नसली की भेदभाव नसतो असं असेल, तर मी उद्याच काढते. दार तेवढं लावून घेते.

आणि तुमचे गडी मी हाकलले नाहीत. शेवटी सातच उरले होते, त्यातले चार पंख्याखाली बसायला यायचे. स्टेशनजवळ काचेची नवी जिम निघाली, तिकडे गेले सगळे. माझ्याकडे आज साठ बायका येतात. बेकरीवाल्या हिकमतबाई तुला आठवत असतील. त्यांना साखरेचा त्रास आहे, डॉक्टर म्हणाले चालत जा. त्या रस्त्याने भरभर चालायला लागल्या की लोक थांबून विचारायचे, बाई, बस चुकली का, कुणी गेलं का? इथे आल्या त्या पहिल्या दिवशी त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून खुंटीला लावला आणि अर्धा तास नुसत्या आरशासमोर उभ्या राहिल्या. मी म्हटलं, व्यायामाचं काय? तर म्हणाल्या, चाललाय की.

बाबांचं मात्र ठीक नाही. शस्त्रक्रियेला आठ आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात, कठड्यासारखे दोन दांडे धरून त्यांच्यामधून रोज चालायचं, पायाला वजन बांधून. मे संपायच्या आत सांधा मोकळा झाला तर झाला, नाहीतर जन्मभर वॉकर. सरकारी दवाखान्यात व्यायाम करून घेतात, पण बाबा म्हणतात तिथे सध्या सुट्टी आहे. तसेच दोन दांडे आपल्या तालमीत आहेत, गल्ली ओलांडली की तालीम. पण ते आत पाऊल टाकत नाहीत. का, तर पाटी! मुलीने केला तरी नियम तो नियम, म्हणे.

मग करतात काय, तर वॉकर रेटत गल्लीत येतात आणि निम्म्या वाटेवरूनच ‘या सातिर’ अशी आरोळी ठोकतात, म्हणजे बायांनो, सावरा, पुरुष येतोय. आत साठ जणींची रुमालासाठी धावाधाव. आणि हे बाहेर खुर्ची टाकून बसतात! आत यायचं नसतंच. पडद्याआडून वजन टेकल्याचा आवाज ऐकतात आणि ओरडून सांगतात, तिसरी जी कोण आहे तिची पाठ वाकतेय. आणि वजदी, वाकलेली असते रे.

फेब्रुवारीत तू दोन दिवस आलास, आठ वेळा जेवलास आणि गेलास. ये असं मी म्हणत नाही. 

आठवण ठेव, जेवण वेळेवर कर, आणि लोभात खंड नको.

तुझी,
इन्शिराह


कुसैर, १५ एप्रिल

ती. अब्लास सा. न. वि. वि.

गाव बदललं हे वर वाचलंच असशील. नोकरी गेली, आणि ती तुझ्यामुळे गेली. कशी ते ऐक.

आमच्या हॉटेलच्या जिमला एक काचेची भिंत होती, बाहेर पोहण्याचा तलाव. असियूटहून नवऱ्याबरोबर आलेली एक बाई रोज दारापर्यंत यायची, आत बघायची आणि परत फिरायची. तिने मॅनेजरला विचारलं, बायकांसाठी एखादा तास ठेवता का? तो म्हणाला, आमच्याकडे सगळे समान, भेदभाव चालत नाही. अगदी माझंच वाक्य, अब्ला! ऐकायला इतकं छान वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ती समान बाई पुन्हा दारातूनच परत गेली. तिसऱ्या दिवशी मी काचेवर पन्नास टॉवेल लटकवले, दारावर ‘दुरुस्ती चालू आहे’ लिहिलं, आणि तिला आत सोडून बाहेर पाठ करून उभा राहिलो. चौथ्या दिवशी मॅनेजरने विचारलं, दुरुस्ती कसली? मी म्हटलं, तुमचीच. इथे मला थांबता आलं असतं.

पण म्हणून तू जिंकलीस असं समजू नकोस. मी एक तास दिला, तू अख्खा दिवस घेऊन बसलीयस. सकाळी आठला उघडतेस ना? मग सहा ते आठ बाबांना दे. तुझ्या साठ जणींना विचार हवं तर. हरकत घेतील त्यांना सांग की कॅप्टनचे डोळे तसेही अधू आहेत, कानांनी काय बघायचं ते त्यांनी आधीच बघितलंय.

शम्म अन-नसीमचा वसंताचा सण आला म्हणून बुरईबरोबर खारवलेला फसीख मासा पाठवतोय. तीन पिशव्यांत बांधलाय, तरी बुरई वाटेत शिव्या देईल, त्या मला पोचत्या कर.

लोभ वाढता ठेव, फसीखच्या वासासारखा.

तुझा,
वजदी


इस्माइलिया, २४ एप्रिल

चि. वजदी यास अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी गेल्याचं वाचून हसू आलं, आणि मग हसले म्हणून वाईट वाटलं. बुरईच्या शिव्या लिहिण्याजोग्या नाहीत.

तुझं म्हणणं मी बायकांपुढे ठेवलं. तीन दिवस वाद चालला. हिकमतबाईंनी सरळ सांगितलं, आज कॅप्टन, उद्या कॅप्टनचा दोस्त, परवा दोस्ताचा मेहुणा, मग आम्ही पुन्हा रस्त्यावर बस चुकल्यासारख्या. दुसऱ्या एकीने त्यांना टोमणा मारला की कॅप्टनने आवाजावरून पाठ सुधारली तेव्हा बरी चालली. शेवटी हिकमतबाईच म्हणाल्या, सहा ते आठ घेऊ दे, पण आठच्या वर एक मिनिट नाही, मग तो कॅप्टन असो की खुद्द गव्हर्नर. सगळ्यांनी हात वर केले. मी उड्या मारतच घरी गेले.

आणि बाबा नाही म्हणाले.

आधी चिडले, मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दवाखान्यात सुट्टीबिट्टी काही नाही. तिथे व्यायाम घेणारी एक तरुण मुलगी आहे. तिच्यासमोर पाय थरथरायला लागले म्हणून ते तिथून जे परतले ते पुन्हा गेलेच नाहीत. मी म्हटलं, मग मी धरते तुम्हाला. तर म्हणाले, तूही बाईच आहेस, आणि वर माझी मुलगी. जुन्या शागिर्दांपैकी कुणाला बोलावू म्हटलं, तर म्हणाले, ज्यांनी मला एकशे चाळीस किलो डोक्यावर धरलेलं बघितलंय, त्यांना मी एक पाय उचलताना बघायला बोलावू? हिकमतबाई जे मागते तेच मी मागतोय, म्हणे. तिला कुणी हट्टी म्हणतं का?

पाटी हे निमित्त होतं, वजदी. आम्ही सगळ्या तासांची वाटणी करत बसलो. त्यांना कुणाच्या नजरेसमोर पडायचं नाही, ते कुणी विचारलंच नाही.

पण एकट्याने होण्यासारखं ते काम नाही. तोल गेला तर धरायला माणूस हवा. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही लिहीत नाही. मे संपायला पाच आठवडे आहेत.

लोभ तर आहेच. तो कुठल्या पत्त्यावर पाठवायचा, एवढं कळत राहू दे.

तुझी,
इन्शिराह


इस्माइलिया, २८ एप्रिल

चि. वजदी यास आशीर्वाद. वि. वि.

इन्शिराह तुला काहीबाही लिहिते असं समजलं. माझी प्रकृती उत्तम आहे. तुला यायचं काही कारण नाही. हातातलं काम टाकून येऊ नये. काम असल्यास.

फसीख खारट होता. दोनदा घेतला.

तालमीची एक किल्ली सध्या माझ्याकडे असते. उगीच कळवलं. बोटीवर तुझा खांदा दुखावला होता तो बरा झाला का? ऐंशी किलोचा माणूस बगलेत धरून उभा करता येईल, इतपत? सहज विचारतोय. उत्तर लिहिण्याची तसदी घेऊ नये, पत्र पोचायला वेळ लागतो.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

लुत्फी


इस्माइलिया, २७ मे

ती. अब्लास सा. न. वि. वि.

मी घरी आलो तशी तू व्यायामशिक्षिकेचा कोर्स करायला अलेक्झांड्रियाला गेलीस आणि मी इथे चूल सांभाळतोय, हे बुरईला अजून खरं वाटत नाही. काल मुद्दाम येऊन मला भांडी घासताना बघून गेला, वर पाच चमचे साखर खाऊन गेला.

दोन आठवड्यांत तू तीन पत्रं धाडलीस, आणि तिन्हींत एकच प्रश्न: बाबा कितपत चालतात? त्यांना फोन केलास तर अल्हम्दुलिल्लाह म्हणून ठेवून देतात, अशी तुझी तक्रार. मलाही सांगता येत नाही गं. पहिल्याच सकाळी त्यांनी मला भाकरी-मिठाची शपथ घातली, की सहा ते आठ आत काय होतं ते या दाराबाहेर जाणार नाही. तेव्हा किती वेळा पडले ते विचारू नकोस. मला कुठल्या कुठल्या जनावराची नावं मिळाली ते विचारू नकोस. आणि रडलं कोण ते तर अजिबात नको. एक जण होता की दोघं, तेही नको.

दाराबाहेरचं सांगतो. गेल्या सोमवारी साडेसहाला बाबांचे दोन जुने शागिर्द आले. पोटं सुटलेली, गुडघे कुरकुरणारे. म्हणाले, कळलं की पुरुषांची वेळ सुरू झालीय, आम्हालाही घ्या. बाबा आतूनच ओरडले की ही पुरुषांची वेळ नाही, लुत्फीची वेळ आहे. दोघं माझ्याकडे बघून म्हणाले, अरे हा भेदभाव नाही का? मी म्हटलं, आहे ना. आणि दार लावून घेतलं. अब्ला, सफागाच्या टपरीवर मी किती छान बोललो होतो! आता त्यातलं एक वाक्य धड आठवत नाही. तुझी पाटी मला अजूनही खटकते, पण आता नक्की काय खटकतं ते बघायला गेलो की फक्त रंग सापडतो.

आता आजचं. मागच्या आठवड्यात वॉकर सुटून काठी आली, हे तुला हिकमतबाईंनी कळवलंच असेल. आज आमचं आत जरा लांबलं. आठ वाजले, दारात, तुझ्या जागी तालीम उघडणाऱ्या हिकमतबाईंच्या किल्ल्या वाजल्या, बाबा घाईघाईने निघाले, मी टॉवेल गोळा करत मागे. मग गल्लीच्या टोकाला तामियाच्या वड्यांच्या गाडीवर आमचं जुंपलं. मी म्हणत होतो तळण नको, ते म्हणत होते की तू माझा खुबा धर, माझी जीभ धरू नकोस. भांडण ऐन रंगात आलं आणि माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. काठी नव्हती. तालमीतच राहिली होती.

त्यांना म्हटलं, गाडीला धरून उभे राहा, हलू नका, आणि पळत सुटलो. आठ वाजून बारा मिनिटं. हिकमतबाईंनी बोटभर दार उघडलं. मी म्हटलं, फक्त काठी. त्या म्हणाल्या, पुरुषांना प्रवेश नाही. मी म्हटलं, काठी पुरुष नाही. त्या म्हणाल्या, तू आहेस. मी म्हटलं, मग तुम्ही द्या. त्या म्हणाल्या, ती पलीकडे दांड्यांपाशी आहे, तिथे बाया चालतायत, संध्याकाळी सहाला मिळेल. दार बंद.

घामाघूम होऊन गाडीपाशी परत आलो तर बाबा नाहीत. तामियावाल्याने नुसती मान वळवून दाखवलं. ते आपल्या घराच्या दारात पोचले होते, एका हातात तामियाची पिशवी, दुसऱ्या हाताने पायजमा वर ओढत, आणि माझ्या नावाने शंख करत होते की सगळं गार होतंय, एवढा वेळ कुठे उलथला होतास.

तुझा अभ्यास नीट कर, घाई करू नकोस, मी आहे इथे. लोभ आमच्याकडे भरपूर आहे. काठी मात्र सहापर्यंत तुमच्याकडे.

तुझा,
वजदी