सोनू कुणावर गेली?

शुक्रवार, जव्हार

सोनूच्या सिकलसेलसाठी पुढच्या महिन्यात तिला दुसऱ्याच्या मूळ पेशी देणार. आज नाशिकला डॉक्टर म्हणाले, “नंतर लिव्हरला धोका किती, ते आईबापाकडून आलेल्या जनुकांवरही असतं. दोघांचं रक्त द्या.” आणि आम्ही मुकाट्याने दिलं! कोपरावरचा कापूस अजून तसाच आहे. साखरशेतच्या माझ्या ताईने बाराव्या दिवशी सोनूला माझ्या ओटीत घातलं, हे सोनूलाही ठाऊक नाही. मग आमच्या रक्तात त्यांना काय सापडणार? उद्या फोन करून खरं सांगू? आधी ताईला विचारू? आणि सोनूला?

जीपमध्ये माझा कापूस दाबून धरत तिने विचारलं, “आई, मी तुझ्यावर गेले असेन तर बरी होईन ना?”

मी हो म्हटलं.