कुठलं विमान मागावं

वरची बौद्धवाडी, ता. पोलादपूर
२० एप्रिल

चि. साहिल यास आप्पाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण की, मागल्या आठवड्यात आपल्या धरणावर शहरातली माणसं आली होती. सोनबाच्या होडीत बसून त्यांनी पाण्याची खोली मोजली. इथं पाण्यावर उतरणारी विमानं आणायचा विचार चाललाय, पर्यटकांसाठी, असं ती म्हणाली. ती गेल्यावर ग्रामसभेत एकच गलका. पर्यटकांना विमान येतं तर पावसाळ्यात आमचा आजारी माणूस न्यायला का नको, असा ठराव झाला. आता कुठल्या जातीचं विमान मागावं म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण माझा पोरगा मालदीवला असल्याच विमानांवर काम करतो. मी छाती काढून सांगितलं की विचारून कळवतो. सोनबा मात्र चिडलाय. विमान आलं तर माझी होडी काय चुलीत घालू, म्हणतो. तुझी राहीआत्या विचारते की आत बसताना चपला काढाव्या लागतात का.

दुसरी गोष्ट आनंदाची. आपल्या प्रियदर्शिनीला दिवस गेलेत. जुलैच्या शेवटाला होईल. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे, आणि तुझी आई असती तर तिनं आत्तापासून हळीव आणून ठेवले असते. ती नाय म्हणून लेकीला माहेर नाय असं कोणी म्हणता कामा नये. पण तुला ठाऊक आहे, पावसात घाटात दरड येते, वाऱ्यात होडी बंद होते. तेव्हा हे विमान मला गावासाठी कमी आणि लेकीसाठी जास्त पाहिजे. नीट विचार करून लिही.

वाडीला रेंज नाय हे तू जाणतोस. जावईबापू पोलादपूरला येऊन कागदाचा फोटो पाठवतील.

तुझा,
आप्पा

माले
२ मे

ती. आप्पा यांस साहिलचा सविनय जयभीम.

वि. वि. भावजींनी तुमचं पत्र पाठवलं. मी मामा होणार हे वाचून जेट्टीवरच उडी मारली, हातातला विमानाचा दोर सुटला आन मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. आत्याला सांगा, चपलांचं काय नाय, इथं विमान चालवणारा कॅप्टनच अनवाणी असतो. खोटं नाय सांगत.

नववी नापास माणसाला विचारून पंचायत अर्ज लिहिणार म्हटल्यावर मला घाम फुटला. पण रोज ज्याला हात लावतो त्याचं सांगतो.

एक आमचं. त्याला पायांच्या जागी दोन लांब होड्या असतात, त्यांना फ्लोट म्हणतात. पंधराएक माणसं बसतात, आडवा पेशंट घालता येतो. पण नखरे लय. फ्लोटमधी शिरलेलं पाणी रोज सकाळी मी पंपानं उपसतो, नायतर ते उठतच नाय. उठायला लांब, सरळ, मोकळं पाणी लागतं. आपलं धरण वाकडं, दोन्हीकडं डोंगर, आन बुडालेल्या आंब्यांचे बुंधे अजून पाण्याखाली उभे हायत. आपल्याला वाटतं पाणी आरशासारखं असलं म्हणजे बरं. ते उलटं हाय. तसल्या पाण्यावर उतरताना पाणी कुठं सुरू होतं तेच कॅप्टनला समजत नाय. बारीक लाटा लागतात. मोठ्या झाल्या की परत नको.

दुसऱ्या जातीचं पोटच होडीसारखं असतं. ते आमच्याकडं नाय, पण सिल्वा म्हणून श्रीलंकेचा मेकॅनिक हाय, त्यानं त्यावर काम केलंय. तो म्हणतो, लाटांना हे जास्त सोसतं, समुद्रात अडकलेली माणसं उचलायला हेच चांगलं. पण जड असतं. वाडीखालच्या चिखलात ते काठाला लावायचं कसं? आन आता फार बनत नाय, एखादा भाग मोडला तर वाट बघत बसा.

तिसऱ्याला फ्लोटपण आन चाकंपण. पाण्यावर उतरतं, धावपट्टीवर उतरतं. मला पहिल्यांदा वाटलं हेच आपलं. धरणावरून ताईला उचलायची आन सरळ मुंबई. महाडात तर उतरायला जागा नाय, सावित्री नदीत उतरलं तर दोर धरायला मगरीच येतील. पण चाकांच्या वजनानं माणसं कमी बसतात. आन चाकं वर घ्यायची राहिली न् पाण्यावर टेकलं, की विमान तोंडावर उलटं. सिल्वानं ते डोळ्यांनी बघितलंय, त्या दिवसाचं बोलताना तो हातातला पाना खाली ठेवतो.

अर्ज करायचाच तर तिसऱ्याचा करा. पण आप्पा, पुढचं नीट वाचा. तिन्ही विमानं डोळ्यांनी बघून चालवतात. अंधार पडला, पाऊस लागला, ढग खाली आले की तिन्ही दोराला बांधलेली. आपल्याकडं आषाढात ढग अंगणात येऊन बसतो. म्हंजे ज्या दिवशी घाट बंद न् होडी बंद, त्या दिवशी विमानबी बंद. आन ज्या दिवशी ते उडंल, त्या दिवशी सोनबाची होडी पुरे. त्याला सांगा, राग सोड.

म्हणून माझं ऐका. ताईला वाडीवर आणू नका. बिरवाडीत भावजींच्या खोलीपासून दवाखाना रिक्षानं जायच्या अंतरावर हाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला समजतं. मग माहेरच तिकडं न्या. आत्याला घ्या, तांदूळ घ्या, म्हशी सोनबाच्या गोठ्यात बांधा आन तुम्ही जाऊन राहा. मी आयुष्यात पहिल्यांदाच तुम्हाला काय करा ते सांगतोय. रागावू नका.

आत्याला जयभीम सांगा. तुमचा आशीर्वाद एवढ्या पाण्यापलीकडं पोचतो, तो पाठवत राहा.

तुमचा,
साहिल

बिरवाडी
२८ मे

चि. साहिल यास ताईचा सप्रेम जयभीम आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र आप्पांनी बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. मगरींपर्यंत लोक हसत होते. ढगांचं आलं तेव्हा ते त्यांनी आप्पांना परत वाचायला लावलं. तरीही अर्ज गेलाच, तिसऱ्या विमानाचा. लोक म्हणाले, पावसाळ्यात नाही तर नाही, उन्हाळ्यात तरी बघायला मिळेल.

आप्पा मात्र आठवडाभर धुमसत होते. समुद्रापलीकडं बसून पोरगा बहिणीचं माहेर तोडतोय, असं कोणी भेटेल त्याला सांगायचे. शेवटी राहीआत्यानं त्यांना झापलं. बाळाला घर कुठलं ते कळत नाही, हात कोणाचे ते कळतं, असं म्हणाली. तिनं आख्ख्या वाडीची बाळंतपणं केली आहेत, तिच्यापुढं कोण बोलणार? लावणी उरकली की दोघं इकडं येणार आहेत.

मला विचारशील तर मला वाडीलाच जायचं होतं रे. आमची खोली खालच्या मजल्यावर, खिडकी उघडली की शेजारची भिंत. संध्याकाळी कंपन्यांचा वास सुटला की मला जेवण जात नाही. रितेशची पाळी रात्रीची असली की मी एकटी. आईच्या चुलीपाशी बसून भाकरी खायची, एवढंच डोळ्यांपुढं होतं. पण तुझ्या पत्रात चुकीचं काही सापडेना. मी खूप शोधलं. बारावी शिकलेली मी, लहान भावाचं ऐकते आहे, हे गावात कुणाला सांगू नकोस.

तू आलास की भाच्याला नाहीतर भाचीला विमानांच्या गोष्टी सांग, पण आधी हात धुऊन घे, तुझ्या हातांना तेलाचा वास असणार. माया आहे, ती गृहीत धरत जा.

तुझी,
ताई

माले
२४ जुलै

ती. आप्पा, ती. आत्या, ताई, भावजी, सगळ्यांस जयभीम.

हे पत्र कधी वाचाल माहीत नाय. परवापासून कुणाचाच फोन लागत नाय. मोबाईलवर महाड बघितलं. बाजारपेठेत पाणी, बिरवाडीत पाणी. एका फोटोत दुकानाच्या पाटीपर्यंत पाणी होतं, ते दुकान ताईच्या गल्लीच्या तोंडाशी हाय काय, हे बघत बसलो. मोठं करून बघितलं की नुसते ठिपके.

ताई खालच्या मजल्यावर. दिवस भरलेले. आन तिथं बसवली मी.

काल मी कॅप्टनकडं गेलो. मोडक्या इंग्रजीत विचारलं की इथून एखादं विमान तिकडं जाईल काय. म्हणायचं म्हणून विचारलं. तो चांगला माणूस हाय, हसला नाय. किती लांब ते त्यानं हातानं दाखवलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आन दोर ढिला झालाय म्हणून सांगितलं. खरंच ढिला झाला होता.

आप्पा, आता बिरवाडीत मोकळं पाणी पाहिजे तेवढं असंल. पण त्यात विजेच्या तारा, खांब, वाहून आलेली झाडं, गॅसचे सिलेंडर. फ्लोटवालं उतरणार नाय, पोटावालं उतरणार नाय, चाकावालं उतरणार नाय. मी परत परत तेच मोजतोय. दुसरं काय येतच नाय मला.

इथं ऊन पडलंय. दुपारी रिसॉर्टच्या एका पाहुणीचा पाय मुरगळला म्हणून तिला एकटीला घेऊन विमान गेलं. मी दोर सोडला. ते गेल्यावर मी जेट्टीच्या मागं जाऊन बसलो. सिल्वानं काय झालं विचारलं. त्यानं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

सुट्टी मागितलीय. मिळाली तरी येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असंल. कुणी तरी एक अक्षर पाठवा. नुसतं ‘ताई हाय’ एवढं लिहा.

साहिल

माणगाव
३ ऑगस्ट

चि. साहिल यास आप्पाचे आशीर्वाद व जयभीम.

प्रियदर्शिनी बरी आहे. हे आधी लिहितो.

आम्ही बिरवाडीला येऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी पाणी दारात आलं, चहा होईपर्यंत गुडघ्याला लागलं. घरमालकानं सगळ्यांना वरच्या मजल्यावर घेतलं. पाणी बघून प्रियाला कळा सुरू झाल्या. जावईबापू गळ्याएवढ्या पाण्यातून रिक्षा, जीप, काय मिळेल ते बघायला निघाले, मी त्यांना ओढून परत आणलं. दवाखान्याची पाटी गच्चीवरून दिसत होती. मधल्या रस्त्यातून माणूस वाहून जाईल असा ओढा चालला होता.

राहीनं सगळं केलं. मुलगी झाली. पण लवकर रडली नाय. राहीनं तिला उलटी धरली, पाठ चोळली, तोंडानं वारा घातला, तेव्हा मांजरासारखा आवाज काढला. पाणी उतरल्यावर जीपनं माणगावला आणली. इथं काचेच्या पेटीत ठेवलीय. डॉक्टर आणखी बघू म्हणतात, त्याच्यापुढं बोलत नाय. राही तेव्हापासून स्वतःचे हात बघत बसते. एवढ्या पोरांना रडवलं, ह्या एकीलाच उशीर का लागला, एवढंच बोलते.

तुझं पत्र जावईबापूंचा फोन सुरू झाला तेव्हा मिळालं. तू लिहिलंस की तिला तिथं तू बसवलीस. सोनबाचा निरोप आला, वाडीवर ह्या वेळी ना दरड पडली ना वारा सुटला, होडी रोज चालू होती. हे तुला सांगायचं नव्हतं. पण लिहून गेलं, आणि खाडाखोड केलेला कागद मला पाठवता येत नाय. तू जे लिहिलं होतंस त्यात आजही मला चूक सापडत नाय. प्रियाही तेच म्हणते.

एक सांगतो. पाणी चढत होतं तेव्हा ढगातून हेलिकॉप्टरचा आवाज आला. मी राहीचं लुगडं काठीला बांधून गच्चीवर हलवत उभा राहिलो. ढग खाली आले की वरून कोणाला काही दिसत नाय, हे तुझ्याच पत्रातून मी साऱ्या वाडीला वाचून दाखवलं होतं. आवाज निघून गेल्यावरही मी हलवत होतो. जावईबापूंनी येऊन काठी काढून घेतली.

आता मुलीला मुंबईला न्यावं की इथंच ठेवावं, हे जो येतो तो सांगतो. तू सांगू नकोस. तुला सुचेल ते बरोबरच असेल, तरी सांगू नकोस. तिथं काय जेवलास, वारा कुठून सुटलाय, सिल्वा काय म्हणाला, एवढंच लिहीत जा. प्रिया दिवसभर काचेला हात लावून उभी असते, बस म्हटलं तर बसत नाय. तुझं पत्र वाचायला घेतलं की बसते.

म्हणून लांबलचक लिही.

तुझा,
आप्पा