एकाच गाडीतले दोघे

३ फेब्रुवारी
दुकानाचं भाडं दिलं. रिचार्ज, पेट्रोल, बोर्डाची रंगरंगोटी, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, सगळं आपल्या खिशातून. प्लॉटच्या दलालाला पगार एकाच दिवशी, रजिस्ट्रीच्या. दिवाळीपासून तो दिवस उगवलाच नाही. सौ. म्हणते, "मार्चपर्यंत पाहा, नाहीतर शटर पाडा अन् माह्या भावाच्या दुकानात बसा." बसेन. पण बाबांची लाकडी खुर्ची तिथे कुठे ठेवू?

५ फेब्रु.
कडू गुरुजी आले. मला पाढे शिकवणारे. रामाकोन्याचा प्लॉट विकून पुण्याला मुलीकडे जाणार. गिऱ्हाईक आहे, राऊत. राहतो इथे पांढुर्ण्यात, नोकरी बोरगावच्या कारखान्यात. जमलं तर दोघांकडून एक-एक टक्का. दुकान वर्षभर तरेल.

हा प्लॉट गुरुजींना बाबांनीच मिळवून दिला होता. रामाकोन्यापर्यंत बस, पुढे भाड्याच्या सायकलवर पुढच्या दांडीवर मी, मागे कॅरिअरवर गुरुजी. विकणाऱ्याकडे बाबा नंतर वेगळे गेले. दोन फेऱ्या कशाला, विचारलं तर म्हणाले, "एका गाडीत बसले का दोघं सोयरे होतात, अन् दलाल होते ड्रायव्हर."

८ फेब्रु., रविवार
पेट्रोल वाचवलं. गुरुजी अन् राऊत, दोघांना एकाच गाडीत रामाकोन्याला नेलं. सौसर येईस्तोवर राऊतचे वडील गुरुजींचे विद्यार्थी निघाले. मागे दोघं खो-खो हसत होते. मीही हसलो. येताना गुरुजींनी राऊतचा नंबर घेतला. आरशात दिसलं. गाडी चालवत राहिलो.

१४ फेब्रु.
राऊत फोन उचलत नाही. गुरुजी म्हणाले, "पोरीले विचारून सांगतो."

१९ फेब्रु.
दुसऱ्या कामाने सौसरला. तहसिलीसमोर स्टॅम्पवाला म्हणाला, "भाऊ, तुमच्या गुरुजीची रजिस्ट्री सोमवारी ना? कागद मीच बनवून राहिलो."
"हो," म्हटलं. जसं काही मला माहीतच होतं!
राग आला. गुरुजींचा नाही, स्वतःचा. चार-पाचशेचं पेट्रोल वाचवायला गेलो अन् हातचा सौदा घालवला. मला तर बापाने सगळं दाखवून ठेवलं होतं.

२२ फेब्रु., रविवार
दुपारी गुरुजींचा फोन. "उद्या अकराले सौसरले ये, प्रभाकर. साक्षीदार म्हणून सही तुहीच पाहिजे. माह्या खरेदीले तुह्या बापाची होती."
टक्क्याचं त्यांनी काढलं नाही. मीही नाही.
त्या खरेदीच्या दिवशी मी होतो. ऑफिसच्या पायरीवर गुरुजींनी बाबांच्या हातात पाकीट दिलं, मला जिलेबी. बाबांनी पाकीट न उघडता खिशात घातलं. त्या जिलेबीची चव अजून आहे.
सौ. म्हणते, "टक्का देतील का?"
"माहीत नाही."
"मंग जाता काऊन?"
टक्का हवाच आहे, खोटं कशाला लिहू? पण बाबांनी सही केली तिथे माझी व्हावी, हेही हवं आहे. आधार कार्ड खिशात ठेवलं. गाडीत पेट्रोल भरून आणलं.

आत्ता राऊतचा मेसेज: 'काका, उद्या सौसरले गाडी घेऊन चालले ना? मी अन् गुरुजी तुमच्यासोबतच येतो.'
'या' लिहून ठेवलंय. पाठवलं नाही अजून.