झाकण बसल्याचा आवाज

आई, आज चार वाजता मानेसरहून कूलर कंपनीची माणसं येतील आणि कूलरच्या वायरिंगवरचं, आम्हीच बनवलेलं प्लास्टिकचं झाकण माझ्यापुढे ठेवतील. त्याला स्क्रू नाही. कडेला दोन हुक आहेत. दाबलं की जरा वाकून आत शिरतात आणि टक्‌कन अडकतात. अर्धवट बसलेलं झाकणही बाहेरून अगदी बसल्यासारखंच दिसतं, आणि कूलर म्हणजे पाणी आणि करंट शेजारीशेजारी. म्हणून तो टक्‌ महत्त्वाचा. तो ऐकून मी मान हलवली की माल पास, अशी या धंद्यात माझी ख्याती. सकाळपासून केबिनचं दार लावून त्याचाच नमुना दाबतोय. मला तो टक्‌ ऐकू येत नाही.

उठतो, खिडकीपाशी जातो, परत बसतो. तुझा सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधला ओटा डोळ्यांपुढून हलत नाही. मे महिना, लू चाललेली. माझी पहिली ऑर्डर, नायलॉनच्या क्लिपा, फरिदाबादहून पोतं भरून परत आलेल्या. गिऱ्हाईक म्हणालं होतं, "भाई साहब, ये क्लिप है कि पापड़?" बाबा पेपरातून मान वर न करता म्हणतात, "ऑफिसात जागा निघतेय. अजून वेळ गेलेली नाही." मायापुरीच्या कारखान्यांतल्या कुणीतरी सांगितलं होतं की साच्यातून निघालेलं नायलॉन कोरडं ठक्क असतं, म्हणून मोडतं; त्याला उकळून पाणी पाजावं लागतं. मी तुझं मोठं पातेलं गॅसवर चढवलं.

"अरे, आमटी होते माझी त्यात!"

"आई, स्वच्छ असतं गं नायलॉन."

"मग तूच जेव ते. भात लावू का सोबत?"

पण पातेलं तू दिलंस, आणि पुन्हा कधी स्वयंपाकात घेतलं नाहीस. मग ओट्याशी उभी राहून एकेक क्लिप लावून बघायला लागलीस. एक बोट मागून टेकवायचं, अंगठ्याने दाबायचं. "बसली. बसली. ही नाही बसली." एकदाही चुकली नाहीस. एकही क्लिप मोडली नाही, आणि बाबांच्या ऑफिसातली ती जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. माझे कान तुझ्यावर गेलेत, असं मी कितीतरी वर्षं अभिमानाने सांगत आलो.

त्याच दिवसांत शेजारच्या पंजाबी काकू दारात येऊन म्हणाल्या होत्या, "बहनजी, मेरी सास गुज़र गई," आणि तू हसून म्हणालीस, "अच्छा! बहुत अच्छा!" घरात किती हसलो आम्ही. तूही हसलीस, पण सगळ्यांची तोंडं बघून, जरा उशिरा. कुकर झाला का हे तू मलाच विचारायचीस. एवढा तिखट कानांचा मी, आणि तुला ऐकू येत नाही हे मला ऐकू आलं नाही. ओट्याशी तू आवाज ऐकतच नव्हतीस. बोटाला बसणारा ठोका मोजत होतीस.

आज मागून बोट टेकवून बघितलं. ठोका लागतो, आई. चार वाजता तेवढ्यावर खुशाल मान हलवता आली असती. माझ्या बोटाकडे कोण बघतंय? पण त्यांच्या नोएडाच्या कारखान्यातल्या लाइनवर ज्या मुली दिवसभर ही झाकणं लावतील, त्यांना मागून बोट घालायला जागाच नाही, आणि आवाजाचं म्हणशील तर तिथे मशीनं गरजतात. हे डिझाइन मी माझ्या कानाच्या भरवशावर केलं होतं.

मग तुझ्या नातीला आत बोलावलं. धंदा आता तीच बघते. म्हटलं, "आज पास करायचं नाही. हुकासमोर एक खिडकी पाडू. हुक पूर्ण बसला तरच त्याचं टोक त्यातून दिसेल."

"बाबा, डाय तयार आहे! साचा पुन्हा कापावा लागेल, ते लोक बवाल करतील."

"करू देत. चहा पाजू."

"पण आवाज तर मस्त येतोय, यार. प्रॉब्लेम काय आहे?"

तिने झाकण माझ्यासमोर पुन्हा दाबलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"लाइनवर फार गोंगाट असतो," मी म्हणालो. "मुलींना ऐकू येणार नाही."

तिला पटलं. फोन करायला गेली आहे. हा कागद कुठे जायचा नाही, घडी करून खिशात ठेवीन. जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. फक्त मुलींना म्हणालो, आई. मला, असं नाही म्हणालो.